शंभर टक्के लोकांना आलं

माणसाला काय वाटतं हे नुसतं त्याला विचारून कळत नाही. त्यासाठी आधी सर्वेक्षण घ्यावं लागतं आणि मग त्याचा अर्थ लावायला समिती नेमावी लागते.

आमचं कार्यालय पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप यांच्या खोक्यात येणाऱ्या माहितीपुस्तिका तयार करतं. (आपण त्या खोक्यातच ठेवता, याची कार्यालयाला कल्पना आहे.) एकाच पुस्तिकेवर लिहिणारे, चित्रं काढणारे, तपासणारे असे पाचसहा जण काम करतात आणि एकाची दुरुस्ती दुसऱ्याने पुसणं हा कामाचाच भाग समजला जातो. ते थांबावं म्हणून साहेबांनी आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर आणलं. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं त्यात राहतं. बिघडलं तर मागच्या आवृत्तीवर जाता येतं. त्यामुळे भांडणं कमी झाली नाहीत, पण पुराव्यानिशी होऊ लागली.

शिकवायला कराराने एक बाई आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीहूनही लहान, पण दुपारच्या चहापर्यंत त्यांची मास्तरीणबाई झाली होती. आमचे चित्रकारकाका माउस आधी रुमालाने पुसायचे आणि मग त्याला हातच लावायचे नाहीत. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसायच्या.

"दाबा हो काका. बिघडलं तर मागे जाऊ."

"आणि मागे जाताना बिघडलं तर?"

"तर आणखी मागे."

"असं करत करत मी पहिलीत जाऊन बसेन, बाई."

"बसा की. मी आहे ना शिकवायला."

त्या 'आहे' ला मात्र मुदत होती. करार वाढायचा तर पंच्याऐंशी टक्के लोकांना सॉफ्टवेअर 'आलं' असं सर्वेक्षणात दिसायला हवं होतं. वाढला की बाई आईला आपल्याजवळ आणणार होत्या. सकाळचं ऊन येणारी खोलीसुद्धा बघून ठेवली होती.

सर्वेक्षण झालं. लोकांचा सरावही व्हावा म्हणून उत्तरं त्याच सॉफ्टवेअरमधून पाठवायची, असा दूरदर्शी निर्णय साहेबांनी घेतला. कर्मचारी साठ, उत्तरं आली नऊ. नऊच्या नऊ जणांनी 'आलं' असं कळवलं. (ज्यांना आलं नाही अशा एकाचंही उत्तर आलं नाही. हा योगायोग समितीला नोंद घेण्याजोगा वाटला नाही.)

समितीत साहेब, चित्रकारकाका आणि मी होते. मी हे सॉफ्टवेअर घरी, भाच्याच्या जुन्या संगणकावर, रडतखडत शिकले होते, म्हणून तज्ज्ञ.

पहिली अडचण अभिप्रायांची. दोघांनी एकाच जागी एकाच वेळी लिहिलं होतं, आणि यातलं कोणाचं ठेवायचं असं विचारत सॉफ्टवेअर अडून बसलं होतं. एकाचं होतं, "बाई नसतील तर माझं पान हलत नाही." दुसऱ्याचं, "आता मला डोळे मिटूनही जमतं." कोणाचंच मन मोडू नये म्हणून समितीने दोघांचं अर्धं अर्धं ठेवलं. अहवालात आलं ते असं: "बाई नसतील तर डोळे मिटूनही जमतं."

दुसरी अडचण, गप्प राहिलेले एक्कावन्न.

"साहेब," मी म्हटलं, "त्यांना उत्तर पाठवताच आलं नसेल."

"मग तसं कळवायचं होतं त्यांनी."

"कुठे कळवणार?"

"सर्वेक्षणात. तेवढ्यासाठीच घेतलं ना आपण?"

तक्रार नाही त्या अर्थी समाधान आहे, असं ठरलं. तरी मी नव्वदवर थांबू म्हणत होते; नव्वद दिसायलाही बरे दिसतात. पण काका हळवे झाले. "पोरीचं भलं होतंय, तर हात कशाला आखडायचा? शंभर लिहा." (काका स्वतः त्या एक्कावन्नांतले.) शंभर लिहिले. खाली तिघांच्या सह्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. साहेबांनी त्यांना बोलावलं, उभं राहून अभिनंदन केलं आणि म्हणाले, "शंभर टक्के लोकांना आलं. आता शिकवायला उरलंय कोण?" शिवाय तुमच्याशिवाय डोळे मिटून जमतं, असं लोक स्वतःच लिहितात, हेही त्यांनी कौतुकाने वाचून दाखवलं.

बाई बाहेर आल्या. आमच्याकडे बघून हसल्यासुद्धा. तेवढं तरी त्यांनी करायला नको होतं. पिशवी भरताना काका त्यांच्या मागे मागे फिरत होते. "बाई, ते शंभराचं मागे नाही का नेता येणार?"

"येतं ना काका. मी शिकवलंय तुम्हाला."

काका रुमाल चाचपत उभे राहिले. बाई गेल्या.

निर्णय अजून अंतिम झालेला नाही, हे इथे नमूद करते. बाईंना जाऊ देण्यास कोणाचा आक्षेप असल्यास तो मागवण्याचा नियम आहे आणि कार्यालय नियमाने चालतं. हा मजकूर वाचणाऱ्यांनाही आक्षेप घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. मुदत या वाक्यापर्यंत होती. तुम्ही हसलात, तेवढी नोंद आहे. आक्षेप आला नाही, त्यामुळे तुमचं समाधान गृहीत धरून बाईंच्या टेबलावर आज झेरॉक्सचं यंत्र बसवलं आहे.