दोन वेळच्या चहाची पत्ती

रणदिवे मॅडमच्या दुकानात पाव किलो चहापत्ती मागून बघा. "बिल्कुल नाही," म्हणतील आणि दोन वेळच्या चहापुरती पत्ती पुडीत बांधून हातावर ठेवतील. वर हुकूम, "कल आना." साखर तशीच, डाळही तशीच. माल असून नाही म्हणणारी दुकानदारीण मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आमच्या सरकारी ऑफिसात मॅडमकडे हजेरीचं रजिस्टर असायचं. मिनिटभर उशीर झाला की नावापुढे लाल फुली. माझ्या नावापुढे तर फुल्यांची रांगोळीच असे. "मॅडम, मेट्रो लेट होती," म्हटलं तर म्हणायच्या, "मेट्रोची हजेरी मी घेत नाही."

रिटायर झाल्यावर त्या पुण्याला बहिणीकडे जातील असं आम्ही धरून चाललो होतो. पण बाई गेल्या हरियाणात, मानेसरच्या पलीकडच्या एका खेड्यात. त्यांचे यजमान मानेसरच्या कारखान्यात होते. म्हातारपणासाठी त्यांनी तिथे दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यात राहायला मात्र ते उरले नाहीत.

गावातलं एकुलतं एक दुकान कधीच बंद पडलेलं. कारखान्यात जाणारी पोरं महिन्याचा किराणा मानेसरहून आणून टाकत. म्हाताऱ्यांना घराबाहेर पडायचं काही कारणच उरलं नव्हतं. मॅडमनी पंचायतीच्या मागे लागून एक बंद खोली मिळवली. कुणाकडून फळी आणली, कुणाकडून तराजू, कुणाकडून बाक. दुकान सगळ्या गावाचं झालं, गाव खूश झालं, आणि मग हे "कल आना" सुरू झालं.

मी भेटायला गेले त्याच दिवशी सरपंच तावातावाने आले होते. "मैडम, या तो ढंग से दुकान चलाओ, या चाबी वापस करो."

मॅडमचं लक्ष घड्याळाकडे. "ग्यारह बज गए. फूलवती नहीं आई."

एवढं म्हणून त्यांनी सरपंचांना तसंच उभं ठेवून दुकानाला कुलूप घातलं आणि ताडताड निघाल्या. मागे मी, माझ्या मागे फणफणत सरपंच. फूलवती ही गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. अंगणात घसरून सकाळपासून पडली होती, हाका मारून तिचा घसा बसला होता. सरपंचांनीच तिला उचलून आपल्या गाडीत घातलं. किल्लीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

परत येताना मला राहवलं नाही. "मॅडम, म्हणजे तुम्ही इथेही हजेरीच घेता?"

"मग काय, पत्ती विकायला बसलेय?" त्या म्हणाल्या. थोडं चालून मग हळू आवाजात बोलल्या, "आमचे हे रिटायर झाल्यावर घरी एकटे असायचे गं. एक दिवस सकाळीच पडले. दुधाची पिशवी संध्याकाळपर्यंत दाराला तशीच लटकत होती, पण कुणी बेल वाजवली नाही. आणि मी ऑफिसात बसून तुझ्या नावापुढे फुली मारत होते."

इतकी वर्षं त्या फुल्यांवर मी डबा खाता खाता विनोद केले होते, त्याची लाज वाटली. निघताना त्यांनी माझ्या हातावरही एक पुडी ठेवली. मी म्हटलं, "मॅडम, मी दिल्लीत द्वारकेला राहते!"

"मग उद्या लवकर निघ."

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज बसलेला.

"दोन दिवस ताप होता, अनिता. काल दुकान उघडलंच नाही. अकरा वाजले आणि दारावर थाप. खिडकीतून बघते तर फूलवती काठी टेकत उभी, मागे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या. ओरडतायत, ताई, ग्यारह बज गए!"

"मग? उठता आलं का तुम्हाला?"

"उठता येत होतं गं मला," मॅडम म्हणाल्या. "पण म्हटलं, अजून एकदा दार वाजवू देत."