गजभिये सरांचं हिरवं पाणी

पिपरी मेघे या आमच्या गावात कुणाच्याही घरी गेलात तर आधी पाणी देतात. आमच्या शेजारचे गजभिये सर आधी पाणी दाखवतात. अंगणातल्या हौदातला हिरवा थेंब काचेवर, काच मायक्रोस्कोपखाली आणि पाहुण्याची मान सरांच्या हातात. "पाहा, काय धावून राह्यलं!" दिसलं नाही म्हणालात तर दुसरा थेंब येतो. चहा त्यानंतर.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. हौदात ते शेण कालवून टाकतात. "शेणावर शेवाळ, शेवाळावर पाण्यातल्या पिसवा, पिसवांवर मासोळी, अन् मासोळीचं हगणं पुन्हा शेवाळाले. कोणी उपाशी नाई!" हे सगळं ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवतात, वाढपी भाजी वाढत असताना. हौद घासा म्हटलं की चिडतात. "भरलं ताट कोणी घासते का?"

पुण्याचा मुलगा त्यांना कायमचं बोलावतो. सरांचं उत्तर ठरलेलं, "हौदाले कोण पाहीन?"

गेल्या दिवाळीआधी ते चार दिवस त्याच्याकडे गेले. जाताना माझ्या बायकोला, सुनंदाला, म्हणाले, "हौदाकडे लक्ष ठेवजो." सुनंदा साफसफाईच्या भरात होती. आमचं घर आवरून झालं तरी तिचे हात शिवशिवत होते. तिने मासोळ्या जपून बादलीत काढल्या, हौद घासून लख्ख केला, नळाचं पाणी भरलं, मासोळ्या परत सोडल्या. वर कठड्याशी रांगोळीही काढली.

सर आले. त्यांना हौदाचा तळ दिसला. मला वाटलं, आता सगळी आळी डोक्यावर घेतील. पण ते पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "आता पोराले काय सांगू?"

"काऊन सर? तिथं काही त्रास आहे का?" मी विचारलं.

"नाई रे, पोरगा-सून दोघं चांगले हायेत. पण सकाळीच कामाले जातात. मी दिवसभर भिताडाशी बोलू काय? इथं थेंब पाह्याले का होईना, कोणी येते."

मला फार वाईट वाटलं. सुनंदा तर रडकुंडीलाच आली.

दुसऱ्या दिवशी ती स्कूटीवरून बोरगाव मेघ्याकडे गेली आणि तिथल्या तळ्याचं हिरवं पाणी डबाभर घेऊन आली. "सर, याचं विरजण लावलं तर जमन का?"

सर बाह्या सारून शेण कालवायला बसले.

पाणी पुन्हा हिरवट दिसू लागलं, थेंबात बारक्या पिसवा धावू लागल्या, त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. सरांचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत येत होता.

"आता तं मुळीच नाई जमत रे. घरात लहान लेकरं हायेत."