लेखी द्या

आमच्या वकीलतात्यांना कुणी "घरी जेवायला या" म्हटलं, तरी ते म्हणत, "लेखी द्या." समोरचा हसायचा. तात्या हसायचे नाहीत, खिशातून पेन काढून पुढं करायचे. एकदा एका नवख्या माणसानं खरंच चिठ्ठी लिहून दिली, तेव्हा ठरल्या दिवशी तात्या चिठ्ठी घेऊन दारात हजर. यजमान साफ विसरला होता. त्याच्या बायकोनं घाईघाईनं पिठलं टाकलं. तात्या पोटभर जेवले, चिठ्ठीच्या मागं "जेवण मिळाले" असं लिहून सही केली आणि ती यजमानाच्या हातात दिली.

काही दिलं की पोहोच घ्यायची, काही घेतलं की पोहोच द्यायची. "तोंडचं वाऱ्यावर जातंय," असं ते म्हणत.

नाव सोपानराव, गाव कऱ्हाटी, आणि बारामतीत आमच्याच गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं बिऱ्हाड. बायको लवकर गेली, मुलगी सुनंदा लग्न होऊन इंदापूरला. कामावरून काढलेले कामगार आणि चौकीत विनाकारण बसवून ठेवलेली माणसं, एवढेच त्यांचे पक्षकार. वकिलीत उपाशी राहायचे दोन्ही रस्ते त्यांनी एकदम धरले होते.

एका चौकीत (नाव मी सांगत नाही, तात्यांनी सांगितलं असतं) पाल ठोकून राहणाऱ्या दोघा भावांना नुसत्या संशयावरून आणलं होतं. तात्या जेवणाचा डबा घेऊन गेले आणि बाकावर बसले. का आणलंय तेवढं लेखी द्या, म्हणाले. हवालदार म्हणाला, पेन संपलंय. तात्यांनी टेबलावर चार पेनं मांडली. मग कागद नव्हता. तात्यांनी पिशवीतून कोर्टाच्या हिरवट लेजर कागदांचा गठ्ठा काढला. दुपारपर्यंत हवालदाराच्या सबबी संपल्या आणि भाऊ सुटले. निघताना चौकीत प्यालेल्या चहाची पोहोचही तात्यांनी दिली.

हे किस्से मी कुठंही रंगवून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. माझा स्वतःचा किस्सा मात्र मी आजवर सांगितलेला नाही.

मी तेव्हा एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. हजेरीचं रजिस्टर माझ्या अक्षरातलं. अकरा माणसं वर्षानुवर्षं माझ्यासमोर पाळीला येत होती, वडगाव निंबाळकरचा रज्जाक त्यातलाच. त्यांनी कायम करा म्हणून अर्ज दिला आणि आठवड्यात टेबलावर नवं रजिस्टर आलं. त्यात अकरांपैकी एकाचंही नाव नव्हतं. ही ठेकेदाराची माणसं, आमच्या हजेरीवर कधी नव्हतीच, असं कारखान्यानं कोर्टात सांगितलं.

अकरा जणांचं वकीलपत्र तात्यांकडं होतं. ते माझ्या घरी आले. चहा पिता पिता मी सगळं कबूल केलं: जुनं रजिस्टर होतं, ते मी लिहिलं होतं, नावं त्यात होती. तात्या म्हणाले, "एवढंच लेखी द्या." मी म्हणालो, उद्या देतो. त्याच महिन्यात माझ्या मुलाला कारखान्यात घेणार होते.

तो उद्या आलाच नाही. समन्स काढून मला खेचा, असं त्यांच्या ज्युनियरनं सुचवलं होतं म्हणे. तात्यांनी नकारार्थी मान हलवली. "समन्सनं माणूस येतोय. खरं येत न्हाय." कुणी म्हणेल, वकिलानं एवढं भाबडं असू नये. मीही तेच म्हणायचो, मला ते सोयीचं होतं.

दावा गेला. अकरा जण खोटारडे ठरले. रज्जाकचा सख्खा थोरला भाऊसुद्धा म्हणायचा, कसली नोकरी, नुसत्या थापा. माझा मुलगा कारखान्याला लागला आणि वर्षभरात कंटाळून पुण्याला निघून गेला. त्या वर्षभराच्या नोकरीसाठी मी गप्प बसलो होतो.

त्यानंतर दर दिवाळीला तात्या फराळाला येऊ लागले. न बोलावता, लेखी न मागता. एक चकली, अर्धा लाडू, हवापाण्याच्या गप्पा. ते गेले की ताटलीखाली दोन कोरे लेजर कागद सापडायचे. बायको म्हणायची, वकीलसाहेब विसराळू झाले बघा. मी हो म्हणायचो आणि त्या कागदांनी फळीवरच्या डब्यांखालची जागा झाकायचो. मला कळत नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवाळीला कळलं होतं.

गेल्या दिवाळीला काठी टेकत आले. चकली चावत नव्हती, नुसती हातात धरून बसले. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "घाई न्हाय." माघात गेले.

शोकसभा मोठी झाली. चौकात तात्यांचा फ्लेक्स लागला. ज्यांना बघून ते रस्ता ओलांडायचे, ते सगळे पांढऱ्या कपड्यांत पुढच्या खुर्च्यांवर. आमचे जुने मॅनेजर तात्यांना "कामगारांचा आधारवड" म्हणाले आणि रुमालानं डोळे पुसले. मला किळस आली. मग आठवलं, मीही दुसऱ्याच रांगेत बसलो होतो. एका पुढाऱ्यानं तात्यांच्या नावानं कामगार भवन बांधायची घोषणा केली. टाळ्या थांबल्या तेव्हा मागून आवाज आला, "लेखी द्या."

रज्जाक होता. दाढी पांढरी झालेली. लोक हसले, मग कुणीच हसेना. तो पुढाऱ्याकडं नाही, माझ्याकडं बघत होता.

सभा संपल्यावर तात्यांची सुनंदा भेटली. म्हणाली, "तात्या दिवाळीला माझ्याकडंसुद्धा यायचे न्हाईत. फक्त तुमच्याकडं. म्हणायचे, माझा साक्षीदार हाय तितं, त्याला एकटं सोडून चालायचं न्हाय."

मी घरी आलो, फळीवरचे डबे उतरवले आणि तेलाचा डाग नसलेले दोन कागद शोधले. चार ओळींचं काम. चार ओळींना माझी सगळी दुपार गेली. अकराच्या अकरा नावं मला न अडखळता आठवली. दुसऱ्या कागदावर नक्कल उतरवली.

दुसऱ्या दिवशी वडगावला रज्जाकच्या सायकलच्या दुकानात गेलो. त्यानं हात पुसले, चष्मा लावला, कागद दोनदा वाचला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "अकरातलं तिघं गेलं, भाऊसाहेब," एवढंच म्हणाला. कागद घडी करून खिशात ठेवला. मी उठलो.

"थांबा," तो म्हणाला. "पोहोच घ्या. तात्यांची पद्धत हाय."

माझ्याकडच्या नकलेवर त्यानं सावकाश लिहिलं, खाली सही केली. ती नक्कल आता माझ्यासमोर आहे. तिच्यावर दोनच शब्द आहेत.

"उशिरा मिळाले."