मेहबूबभाईंचा घरी येण्याचा सीन

सकाळी माझं दूध उतू जायच्या बेतात असतं. नेमक्या त्याच वेळी फाटकाशी बूट आपटल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ हुकूम, "रिपोर्ट!"

हे आमचे शेजारी मेहबूबभाई. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. मी गॅस बारीक करते आणि रिपोर्ट देते. नळाला पाणी येऊन गेलं, सिलिंडर संपत आलाय, आमचे मालक ड्युटीवर गेले, मांजर पत्र्यावरून पळालं.

"किधर से किधर?"

"तुमच्याकडून आमच्याकडं."

"ठीक. चालू ठेवा," म्हणतात आणि पुढच्या घराकडं वळतात. एकदा मी हट्टानं गप्प राहिले, तर ते फाटकाशी उभेच. शेवटी मी आतून ओरडले, "दूध उतू गेलं!" तर म्हणाले, "हां, हा झाला रिपोर्ट. पर लेट."

येरमाळ्यात हायवेच्या अंगाला माझं शिवणकामाचं दुकान आहे. मागं घर, आणि घराला भिंत लागून मेहबूबभाईंचं घर. ते घरात राहतात असं मात्र म्हणता येणार नाही. घरात त्यांची ट्रंक राहते. ते स्वतः सदानकदा कुठंतरी निघालेले. स्टँडवर जाऊन कळंब गाडी सुटली का बघायचं, पुलाखाली कोण बसलंय ते बघायचं, परत यायचं, परत जायचं. "थांबला तो सापडला, वैनी," हे त्यांचं तत्त्वज्ञान. चहा दिला तर बशीत ओतून चालता चालता पितात. माझ्या चांगल्या बशा मला स्टँडवरच्या पेपरवाल्याकडून परत आणाव्या लागल्यात.

अशा माणसाला नोकरी कशी टिकणार? पेट्रोलपंपावर रखवालदार होते तेव्हा प्रत्येक गाडीवाल्याला आधी विचारायचे, "कहां से? कहां? क्यों?" लोक समोरच्या पंपावर जायला लागले. मग मंगल कार्यालयात लागले. तिथं दारातच नवरदेवाच्या हातातली कट्यार काढून घेतली आणि त्याला पावती दिली. लग्न लागलं, पण नोकरी गेली. चैत्रात येडाईच्या जत्रेला देवीसाठी चुनखडीचे पाच-पाच खडे वेचायची रीत आहे, सगळं रान माणसांनी फुलून जातं, तिथं हे बिनपगारी उभे. "पाच खडे उचला, पुढं चला! खाली बघा, मोबाईल नंतर!" त्यांच्या बाजूची माणसं ओळीत चालतात. बाकी रानात ज्याची त्याला खबर नसते.

त्यांचा निकाह झाला होता. बाई सहा महिन्यांत माहेरी गेली ती गेलीच. जाताना मला म्हणाली, "भाभी, नवरा चालला असता. परेड न्हाय झेपत."

आता बंडूचं सांगते. बंडू माझा धाकटा दीर. कळंबला त्याचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी घेतो. एक दिवस तो माझ्या दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "वैनी, सिनेमा काढतोय. क्राईम." कथा अशी : एक फौजी सरहद्दीवर लढून गावी येतो. काम मिळत नाही. मग हायवेवर उभ्या ट्रकांतून डिझेल चोरणाऱ्या टोळीत शिरतो, टोळीच्या म्होरक्याचा खून करतो आणि शेवटी स्वतः गोळी खाऊन मरतो. फौजी कुठून आणायचा, हा प्रश्नच नव्हता.

मेहबूबभाईंनी सगळी कथा माझ्या शिलाई मशीनभोवती फेऱ्या मारत ऐकली. मग म्हणाले, "चोरी करतो. खून करतो. मरतो पण. पर एक शर्त. पहिले घर येण्याचा सीन पाहिजे. बसमधून उतरला, चालत आला, दरवाजा. पूरा घेयाचा."

"व्हय, घेऊ की," बंडू म्हणाला.

ते गेल्यावर मला म्हणतो, "वैनी, लोक मोबाईलवर बघणार. पहिल्या मिनटात मुडदा पडला न्हाय तर अंगठा पुढं सरकतोय. घरी आलेला माणूस कोण बघत बसणार?"

"मग तसं सांग त्यांना."

"सांगतो की," बंडू म्हणाला. बंडूच्या 'की'वर विसंबून राहणारा माणूस बुडालाच म्हणून समजा.

वर्दी मी शिवली. माझा हात ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसचा. माप बरोबर घेतलं, शिलाई पक्की घातली, पण सवयीनं छातीला दोन टक्स पडले आणि कमरेला वर्दी आवळली. मेहबूबभाईंनी ती अंगात घातली, आरशासमोर उभे राहिले, एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं.

"वैनी," म्हणाले, "ह्या वर्दीत दुश्मन गोळी न्हाय घालायचा. मागणी घालंल."

मी टक्स उसवले.

शूटिंग म्हणजे रोजची कटकट. बंडूला आयुष्यभर लग्नं घ्यायची सवय. खून झाल्यावर तो मुडद्याला सांगायचा, "काका, मान जरा वर, इकडं बघा." म्होरक्या मेला की कॅमेरा फिरवून जमलेल्या सगळ्यांचे चेहरे घ्यायचा, कुणी राहायला नको म्हणून. आणि मेहबूबभाई प्रत्येक गोष्टीत चूक काढायचे. फौजी हातात बंदूक घेऊन ओरडत धावतो, असं कथेत होतं.

"वरडत न्हाय," मेहबूबभाई म्हणाले.

"पब्लिकला आवडतंय."

"पब्लिक घरी हाय. डोंगरावर वरडला तो तितंच राहिला."

बंडूनं कॅमेरा खाली घेतला. मग तेच म्हणाले, "चलो, चलो. टाईम." आणि न ओरडता धावले.

डिझेल चोरीची तालीम त्यांनीच बसवली. ढाब्यासमोर एक ट्रक उभा होता, ड्रायव्हर जेवायला गेला असेल असं धरलं. तो केबिनमध्ये झोपला होता. टाकीचं झाकण वाजलं तसा तो उठला आणि चोर चोर म्हणून त्यानं ढाबा गोळा केला. बंडू कॅमेरा टाकून पळाला. पोलीस आला तेव्हा मेहबूबभाई त्याच जागी सावधानमध्ये उभे होते. त्यांनी रिपोर्ट दिला, "एक नळी. एक कॅन. डिझेल घेतलं न्हाय. कारण सिनेमा. अफसर फरार." हवालदारानं बंडूला शोधून आणलं आणि दोघांना चहा पाजून सोडलं. म्हणाला, चोर एवढा खरं बोलत नाही.

पण रोज शूटिंग संपलं की मेहबूबभाईंचा एकच सवाल, "घर का सीन कब?" बंडूची रोज नवी सबब. आज ढग आहे. आज वारा आहे. आज कॅमेऱ्याची बॅटरी लग्नाला लागते.

अशात मेहबूबभाईंना पुण्यात एका सोसायटीवर वॉचमनची जागा मिळाली. रविवारी जायचं होतं. शुक्रवारी बंडूनं मरणाचा सीन लावला. शेताच्या बांधावर फौजी उभा, समोरून गोळी सुटते, फौजी कोसळतो. गोळी सुटली, म्हणजे बंडूनं तोंडानं ठो केलं. मेहबूबभाई उभेच.

"मेहबूबभाई, पडा की!"

"न्हाय."

"गोळी लागली तुमाला!"

"लागू दे. आधी घर, मग मरण. उलटं चालणार न्हाय."

बंडूनं परत ठो केलं. चार वेळा ठो केलं. बांधावरची शेळी बिचकून पळाली, पण मेहबूबभाई हलले नाहीत. बंडू घामाघूम होऊन माझ्याकडं आला. "वैनी, माणूस मरत न्हाय. काय करू?"

"शनिवारी सीन घे," मी म्हटलं. "एवढ्या गोळ्या घालण्यापेक्षा स्वस्त पडंल."

दारात उभी राहायला एक बाई हवी होती, फौजीची बहीण म्हणून. बंडूनं सगळ्या गल्लीला विचारलं आणि मला न विचारता माझं नाव ठरवलं. सीन मेहबूबभाईंच्याच दारात. मी भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. बंडूनं मला वाक्य दिलं होतं, "आलास का रे माझ्या रणवीरा!"

"असलं मी म्हणणार न्हाय," मी सांगितलं.

"मग काय म्हणता?"

"दारात आलेल्या माणसाला काय म्हणत्यात? आलात का, या."

मेहबूबभाई गल्लीच्या तोंडापासून चालत आले. खांद्यावर ट्रंक. हा माणूस इतका सावकाश चालू शकतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दारात थांबले. मी भाकरतुकडा ओवाळला, बाजूला टाकला, पायावर पाणी घातलं. "आलात का, या." ते आत गेले. झकास झालं होतं. बंडू म्हणाला, "ओके!"

मेहबूबभाई बाहेर आले. "और एक बार."

"का? बेस्ट झालं की."

"ट्रंक चुकीच्या खांद्यावर व्हती."

परत घेतलं. मग म्हणाले, कुत्रं आडवं गेलं. परत घेतलं. मग सावली पडली म्हणाले. मग सबब न देताच ट्रंक उचलून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. सगळ्या कामांत घाई करणारा हा माणूस. माझी भाकरी संपत आली. गिऱ्हाईक दुकानासमोर येऊन परत गेलं. मी वैतागले होते, तेवढ्यात ते माझ्याजवळ आले आणि बंडूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "वैनी, भाकरीच्या जागी... अंडं चालंल का?"

आमच्या घरात अंडं येत नाही. आम्ही लिंगायत. माझ्या सासूबाई असेपर्यंत अंड्याचं नावसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर घ्यायचं असे.

पण मला एकदम खतिजाबी दिसल्या. मेहबूबभाईंची आई. मी नवी नवरी होते तेव्हा हा रजेवर आला की खतिजाबी याच दारात उभ्या राहायच्या, हातात अंडं. त्याच्या डोक्यावरून पायापर्यंत फिरवायच्या, पुटपुटायच्या, आणि ते अंडं चौकात टाकून आल्याशिवाय पोराला आत पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. सासूबाई भिंतीपलीकडून नाक मुरडायच्या, पण बघायच्या.

ज्या साली डोंगरावर लढाई झाली, त्या साली खतिजाबी वारल्या. पोरगा वर होता. निरोप त्याला फार उशिरा मिळाला. तो आला तेव्हा दाराला कुलूप होतं. किल्ली आमच्याकडं होती. सासूबाईंनी ती भिंतीवरून त्याच्या हातात दिली. त्यानं कुलूप काढलं, ट्रंक आत ठेवली आणि लगेच बाहेर येऊन चालायला लागला. तेव्हापासून तो चालतोच आहे.

"बंडू," मी म्हटलं, "एक अंडं घेऊन ये."

"अंडं? वैनी, कथेत अंडं न्हाय! आधीच्या सगळ्यात भाकरी हाय!"

"जा म्हटलं ना."

तो ढाब्यावरून इतक्या झटकन घेऊन आला, की कुठं मिळतं हे त्याला आधीपासून चांगलं ठाऊक असणार. ते मी मनात टिपून ठेवलं. मी अंडं हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच. फार हलकं असतं.

मेहबूबभाई गल्लीच्या तोंडापासून आले. बंडू मागून ओरडला, "वैनी, बॅटरी गेली! थांबा, घेता येत न्हाय!" आम्ही दोघं थांबलो नाही. ते दारात उभे राहिले. माझा हात त्यांच्या डोक्यापर्यंत पोचेना.

"वाका जरा," मी म्हटलं.

ते वाकले. मी अंडं डोक्यावरून पायापर्यंत फिरवलं. पुटपुटायचं काय ते मला येत नव्हतं, म्हणून मी हळू आवाजात सकाळचा सगळा रिपोर्ट दिला. पाणी आलं, दूध तापलं, मांजर आमच्याकडंच आहे. मग चौकात जाऊन अंडं टाकून आले. येईपर्यंत ते बाहेरच थांबले होते. "आता या," मी म्हटलं, तेव्हा आत गेले.

संध्याकाळी बांधावर ते मरून दाखवायला गेले. पहिल्याच ठोला पडले. त्या सीनला एकदाही 'और एक बार' म्हणाले नाहीत.

सिनेमा आता लोकांच्या मोबाईलवर आहे. सुरुवातीलाच मुडदा पडतो. घरी येण्याचा सीन बंडूनं साफ काढून टाकला. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही, आणि त्याच्या ढाब्यावरच्या अंड्यांचं त्याच्या बायकोला सांगितलं. मेहबूबभाईंना मात्र फोनवर सांगितलं तर हसले. "पब्लिकला काय करायचं ते," म्हणाले. त्यांची पुण्यातली नोकरी अजून टिकून आहे. सोसायटीतले लोक त्यांना रोज रिपोर्ट देतात म्हणे. पुण्याच्या लोकांना कुणी विचारलं तर बरंच सांगायचं असतं.

परवा त्यांचा फोन आला. ईदेला सुट्टी मिळाली आहे, येतो म्हणाले.

"निघायच्या आधी कळवा," मी म्हटलं. "अंडं आणून ठेवावं लागतं. आमच्या घरात नसतं."

फोनमधून ऐकू येत होतं, मागं कुणाची तरी गाडी गेट उघडायला हॉर्न देत होती. बराच वेळ देत होती.