बारा लिटर रक्त

मार्लिस हूकस्ट्राने शनिवारी सकाळी बारा लिटर रक्त शिजवलं आणि स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, कारण शेजारच्याच घरात राहणाऱ्या सासूबाईंचं नाक फार तिखट होतं. मक्याचा पाक, लाल रंग, थोडा कोको आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर. सिनेमातलं रक्त जिभेला गोडच लागलं पाहिजे, नाहीतर तोंडात धरून ओकणार कोण, असं तिचं मत होतं आणि मिशिगनमधल्या जाणकारांना ते मान्य होतं.

त्या दिवशी चार वाजता गावातल्या जुन्या थिएटरात ‘आजीबाईंचा खिमा’ लागणार होता. सिनेमाला तीस वर्षं झाली होती. पुरलेली आजी उठते आणि घरच्या स्नेहसंमेलनाला जमलेल्या नातेवाइकांना एकेक करून मांस दळायच्या यंत्रात घालते, अशी साधी गोष्ट. मार्लिसने तो एक्केचाळीस वेळा पाहिला होता. शेवटच्या वीस मिनिटांत पडद्यावर कोरडी जागा म्हणून उरत नाही, आणि तरीही यंत्रात जाता जाता प्रत्येक नातेवाईक बटाट्याच्या सॅलडलाच नावं ठेवतो, याचं तिला दर वेळी नव्याने कौतुक वाटे. दर वर्षीच्या या खेळात प्रेक्षकांवर उडवायचं रक्त यंदा तिने करायचं ठरलं होतं.

तिचा हा नाद घरात किंवा चर्चमध्ये नवऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता. मार्लिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. सासूबाई टेना ब्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांनी घरात कधी पत्त्यांचा जोडसुद्धा येऊ दिला नव्हता. दोन वाजता चर्चमध्ये आइस्क्रीमचा मेळा होता. “एका आजारी मैत्रिणीला भेटून येते,” असं सांगून मार्लिस दीड वाजता निघाली.

पहिल्याच वळणावर मागे धप्प असा आवाज झाला. तिने गाडी कडेला घेतली. डिकीतल्या दोन बादल्यांपैकी एक आडवी झाली होती. ती सरळ करेपर्यंत मार्लिसचे हात कोपरापर्यंत माखले आणि डिकीतून रस्त्यावर धार लागली. मागे पोलिसांची गाडी येऊन थांबली. एक उंच पोलीस बाई उतरल्या.

“बाई, हे काय गळतंय?”

“रक्त,” मार्लिस म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. सकाळपासून एकदाच बोलली होती आणि त्यातच दमली होती.

“कुणाचं?”

“नातेवाइकांचं. म्हणजे आजीबाई त्यांना...”

“हात वर करा.”

मार्लिसने हात वर केले. ते पाहून पोलीस बाईंचा संशय कमी झाला नाही. मग स्वतःला निर्दोष ठरवायला मार्लिसने एक बोट चाटलं.

“गोड आहे हो. चाखून तर बघा!”

पोलीस बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी वायरलेस काढला. तेवढ्यात चर्चची व्हॅन करकचून थांबली आणि पास्टर वीअर्समा धावत आले.

“मार्लिसबाई! लागलं का कुठे?”

पोलिसांपेक्षा पास्टर भारी पडले. “सरबत आहे, पास्टर,” मार्लिस म्हणाली. “स्ट्रॉबेरीचं. मेळ्यासाठी केलंय.”

पास्टरांनी बादलीत बोट बुडवून चाखलं. “वा! चॉकलेटही आहे की यात!”

“आत्ता या रक्त म्हणाल्या,” पोलीस बाई म्हणाल्या. “आणि हा पाय कुणाचा?” बादल्यांच्या मागे थिएटरच्या सजावटीसाठी घेतलेला एक रबरी पाय होता.

“नाताळच्या नाटकातला,” मार्लिस म्हणाली.

“नाताळच्या नाटकात पाय?” पास्टर बुचकळ्यात पडले.

“बाळांची कत्तल करणाऱ्या हेरोद राजाच्या शिपायाचा.”

पास्टरांनी कौतुकाने मान हलवली. “पाहिलंत? ऑगस्टपासून तयारीला लागल्यात!”

एवढ्या सचोटीच्या माणसापुढे पोलीस बाईंचा नाइलाज झाला. पास्टरांनी भरलेली बादली व्हॅनमध्ये चढवली आणि “चला, उशीर होतोय” म्हणत मार्लिसलाही आपल्यामागे यायला लावलं.

सरबत अर्ध्या तासात संपलं. लोकांनी आइस्क्रीमवर ओतून खाल्लं, नुसतं प्यायलं, पाककृती मागितली. रंग मात्र पक्का होता. साडेतीनपर्यंत दीडशे सज्जनांचे ओठ, दात आणि हनुवट्या लालभडक झाल्या आणि कुणी कितीही धुतलं तरी जाईनात. तशाच तोंडाने त्यांनी समारोपाची प्रार्थना म्हटली. मार्लिस ऑर्गनवरून बघत राहिली. एवढं सुंदर दृश्य तिने पडद्यावरही पाहिलं नव्हतं.

ती हळूच सटकत होती, इतक्यात मागून टेनाबाई म्हणाल्या, “कुठे निघालीस? मला घरी सोड आधी.” त्यांनी तीन वाट्या रिचवल्या होत्या. पांढऱ्या झग्याच्या कॉलरवर ओघळ आले होते.

“वाटेत दोन मिनिटांचं काम आहे, आई. तुम्ही गाडीतच बसा.”

उरलंसुरलं रक्त घेऊन मार्लिस थिएटरात शिरली. आत वेशभूषेची स्पर्धा चालू होती. नव्वद जण आजीबाई बनून आले होते, त्यातल्या निम्म्यांना दाढी होती. पण तीन वाट्या सरबत टेनाबाईंना गाडीत बसू देईना. दार ढकलून त्या काठी टेकत आत आल्या आणि लाल दात दाखवत ओरडल्या, “इथे बाथरूम कुठेय?”

सगळ्यांच्या माना वळल्या. मग शिट्ट्या, टाळ्या. परीक्षकांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. टेनाबाई बाथरूममधून परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पहिल्या क्रमांकाचा चषक ठेवण्यात आला.

“हे काय आहे, मार्लिस?”

आता आणखी एक खोटं तिला सुचेना. “सिनेमा आहे, आई. कापाकापीचा. मी दर वर्षी येते. एक्केचाळीस वेळा पाहिलाय.”

टेनाबाईंनी चषक उलटसुलट करून पाहिला. चर्चच्या ॲपल पाय बनवण्याच्या स्पर्धेत त्या पन्नास वर्षं दुसऱ्या येत होत्या.

“आता एवढं दिलंय, तर लगेच उठून जाणं बरं दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “पाच मिनिटं बसू.”

त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. नवव्या मिनिटाला पहिले काका यंत्रात गेले. मार्लिसने घाबरून सासूबाईंच्या डोळ्यांवर हात धरला.

“हात काढ गं,” टेनाबाई खेकसल्या. “दिसत नाहीये मला.”