उंची लगतच्यापेक्षा कमी नसावी

टेंभुरडोह नगरपंचायतीच्या हद्दीतील औद्योगिक वसाहतीत माणसे पायी चालतात, ही गंभीर बाब गेल्या दसऱ्याच्या आसपास प्रशासनाच्या निदर्शनास आली.

ती निदर्शनास आणून देण्याचे काम सोनीबाईच्या चपलेने केले. सोनीबाई तांड्यावरून रोज पुंडलिकरावांच्या दाल मिलमध्ये डाळ निवडायला येते. त्या दिवशी सोयाबीनची ट्रॉली तिला घासून गेली. सोनीबाई रस्त्याकडेच्या बेशरमीच्या झुडपात पडली, म्हणून वाचली. चप्पल मात्र चाकाखाली गेली. सोनीबाईने ती पापडासारखी झालेली चप्पल उचलली, सोबतच्या बायका घेतल्या, आणि कामावर न जाता नगरपंचायतीत जाऊन ती नगराध्यक्षा विमलताईंच्या टेबलावर ठेवली. टेबलावर चप्पल आल्यामुळे विषयाला प्राधान्य मिळाले.

विमलताईंनी त्याच आठवड्यात वसाहतीतल्या सगळ्या मालकांची बैठक बोलावली. बैठकीत फूटपाथ हवा यावर एकमत झाले. तो दुसऱ्याने बांधावा, यावरही एकमत झाले.

"रस्ता तुमचा, ट्रॉली रस्त्यावरची, अन् फूटपाथ मी बांधू?" पुंडलिकराव उभे राहून म्हणाले. "हे तं असं झालं बाप्पा, का लगन तुमच्या घरचं अन् मांडव माह्या दारात!"

"भाऊ, चालणारे तुमचेच मजूर आहेत ना," विमलताई म्हणाल्या.

"गेटाच्या आत आले तं माहे. बाहेर हायेत तवरक सरकारचे."

"नगरपंचायतीकडे फूटपाथसाठी निधी नाही, सर," नव्याने रुजू झालेल्या अभियंता प्रेरणा मॅडम म्हणाल्या.

"स्वागत कमानीले होता!"

"कमान वेगळ्या लेखाशीर्षात येते."

लेखाशीर्षापुढे भल्याभल्यांची मती गुंग होते. ठराव मंजूर झाला. प्रत्येक मालकाने आपापल्या प्लॉटसमोर, स्वखर्चाने, गेटसमोरही खंड न पाडता, पक्का फूटपाथ बांधावा. त्याची उंची लगतच्या फूटपाथपेक्षा कमी नसावी. जो बांधणार नाही त्याला यंदा कारखाना चालवण्याची 'ना हरकत' मिळणार नाही.

पुंडलिकरावांनी मनात हिशेब केला. पौषात तूर बाजारात येते. ते दोन-तीन महिने मिल चालली तर वर्ष चालते, नाही तर पंख्याखाली बसून माश्या मारायच्या. घरी येताच त्यांनी गवंड्याला फोन लावला.

वसाहत म्हणजे एका सरळ रस्त्याची एक बाजू; दुसऱ्या बाजूला खोल नाला. पहिला सदाशिवरावांचा बर्फाचा कारखाना, मग एक रिकामा प्लॉट, मग सिमेंटच्या नळ्या, मग सरकीच्या ढेपेचे गोदाम, आणि शेवटी पुंडलिकरावांची दाल मिल. त्यापुढे शेत. रिकाम्या प्लॉटचा मालक कोण, हे कोणालाच सांगता येईना. त्याला पाठवलेली नोटीस तीनदा परत आली. तेव्हा प्रेरणा मॅडमनी वरिष्ठांना विचारून नकाशावर त्या जागी तुटक रेघेचा फूटपाथ काढला. पादचाऱ्याने तेवढ्या भागात तुटक रेघेवरून चालणे अपेक्षित होते.

सदाशिवरावांनी सगळ्यांत आधी फूटपाथ बांधला, अर्धा फूट उंच. सुंदर बांधला. कडेला पिवळा-काळा रंगही दिला.

आता या भागात एक रीत आहे, ती प्रेरणा मॅडमना पुण्याच्या कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. इथे जोते बांधताना माणूस आधी शेजाऱ्याचे जोते पाहतो आणि वर एक थर चढवतो. आपले जोते खाली राहिले तर शेजाऱ्याचे पाणी आपल्या दारात येते, आणि पाण्याच्या मागोमाग अपमान येतो. सख्ख्या भावांत वाटणी झाली तरी धाकटा पहिली वीट ठेवताना थोरल्याच्या ओट्याकडे बघूनच ठेवतो. त्यामुळे 'लगतच्यापेक्षा कमी नसावी' हे वाक्य मालकांना सरकारी वाटलेच नाही. बापजाद्यांची शिकवण सरकारला उशिरा का होईना कळली, असे वाटून त्यांना भरून आले.

नळ्यांवाल्याने एक फूट केला. गोदामवाल्याने दीड. पुंडलिकरावांनी दोन फुटांवर दोरी धरायला लावली आणि गवंड्याला म्हणाले, "वरून एक थर अजून दे. उद्या कोनी बोट दाखवू नये."

आठवडाभराने सदाशिवराव गाडीतून त्या रस्त्याने गेले. काच खाली केली, शेवटपर्यंत पाहिले, काच वर केली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फूटपाथवर पुन्हा विटा पडल्या.

"काहून हो सदाशिवराव?" पुंडलिकरावांनी जाऊन विचारले. "तुमचा तं झालता ना?"

"झालता. पन तुमचा पाह्यला अन् वाटलं, आपला लहान पोराचा दिसून राह्यला."

"मी नियमानं बांधला."

"मंग मीबी नियमानंच बांधून राह्यलो. कमी नसावी म्हनलं हाय. माही कमी हाय."

नियम त्यांच्या बाजूने होता. सदाशिवराव तीन फुटांवर गेले, तेव्हा नळ्यांवाला कमी पडला. तो उठला, तेव्हा गोदामवाला कमी पडला. गोदामवाला उठल्यावर पुंडलिकरावांना झोप लागेना. सबंध वसाहत बेकायदेशीर न राहण्यासाठी रात्रंदिवस राबू लागली. गावात सिमेंट मिळेना. लोकांच्या घरांचे स्लॅब थांबले, पण फूटपाथ थांबले नाहीत.

प्रेरणा मॅडम टेप घेऊन आल्या तेव्हा पुंडलिकरावांचा फूटपाथ त्यांच्या खांद्याला लागत होता.

"सर, हा फूटपाथ आहे?"

"मंग काय धरन हाय?"

"पुस्तकात सहा इंच सांगितलंय, सर."

"पुस्तक कोन्या गावचं? ठराव आमच्या गावचा हाय. त्याच्यात जास्तीत जास्त किती लिवलं, दाखवा."

मॅडमनी ठराव उघडला. जास्तीत जास्त काहीच लिहिले नव्हते. त्यांनी उंची टिपून घेतली आणि शेरा मारला: 'अटींची पूर्तता अपेक्षेपेक्षा अधिक.'

राहता राहिला प्रश्न गेटाचा. गेट फूटपाथच्या मागे गेले होते. ट्रक आत कसा न्यायचा या चिंतेत पुंडलिकराव असताना एका ड्रायव्हरने वळवता वळवता ट्रक फूटपाथला चिकटवला. त्याच क्षणी सगळ्यांना दिसले की ट्रकचा फाळका आणि फूटपाथ अगदी बरोबरीत आहेत. फाळका पाडला की पोते सरळ फूटपाथवर. तिथून फळीवरून घसरवले की थेट मिलच्या अंगणात. हमालाला खांदा लावायचे काम उरले नाही.

पुंडलिकराव त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसले. "आपन उगाच सरकारले बोलत होतो," ते सदाशिवरावांना फोनवर म्हणाले. "योजना लय इचार करून केली हाय."

सदाशिवरावांनी लगेच बर्फाच्या लाद्या फूटपाथवरून चढवायला घेतल्या. नळ्या, ढेप, तूर, सगळे फूटपाथवरून जाऊ लागले. उंची वाढवण्याची चढाओढही तिथेच थांबली, कारण याहून उंच ट्रक कोणाकडेच नव्हता. रस्त्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत ट्रक फूटपाथला खेटून उभे राहू लागले. उरलेल्या अर्ध्या रस्त्यातून बाकीचे ट्रक, ट्रॉल्या, टँकर ये-जा करू लागले.

आणि त्यांच्या मधून सोनीबाई आणि तांड्यावरच्या बायका. पूर्वी कडेला निदान बेशरमीची झुडपे तरी होती. अंगावर गाडी आली तर पडायला जागा होती. आता एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला ट्रक, मध्ये बायका. शिवाय मिलमध्ये शिरायला शेताच्या बाजूने वळसा घालून काटेरी तारेखालून वाकून जावे लागे.

"शेठ, आमी वर कुठून चढाव?" सोनीबाईने एकदा विचारले.

पुंडलिकराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी दोन पायऱ्या बांधण्याची परवानगी मागितली. उत्तर आले की पायरी रस्त्याच्या हद्दीत येते, सबब अतिक्रमण आहे. पायरी आतल्या बाजूने बांधण्यास हरकत नाही. म्हणजे फूटपाथवर जायचे तर आधी मिलच्या आत पोचावे, आणि आत पोचल्यावर ज्याला पुन्हा बाहेर चालायची इच्छा असेल त्याने खुशाल चढावे.

"पाहा बाई," पुंडलिकराव म्हणाले, "मी मागतलं, त्यायनं नाही म्हनलं. आता माहा दोष नाही."

"तुमचा कोनचाच दोष नसते, शेठ," सोनीबाई म्हणाली. "तुमी लय सफाईनं राहता."

डिसेंबरच्या शेवटी तपासणी झाली. पाहुणे जिल्ह्यावरून आले, गाडीतूनच फूटपाथ पाहिला, आणि सलगता व मजबुती यांबद्दल समाधान व्यक्त केले. तपासणीच्या पत्रकातला वापराचा रकाना मात्र रिकामा होता. पायी चालणारा एखादा नागरिक फोटोसाठी हवा होता. गावातून पन्नासेक माणसे फूटपाथ पाहायला आली होती, पण सगळी दुचाकीवर. एकाला विनंती केली तर तो चिडला.

"मी पैदल? सासुरवाडीचं कोनी पाहिन तं काय म्हनन! गाडी इकली म्हनतीन!"

तेवढ्यात तारेखालून सोनीबाई बाहेर आली. विमलताईंनी तिच्याकडे बोट दाखवले. पण पाहुण्यांनी मान हलवली. पादचारी म्हणजे फूटपाथवरून चालणारा. ही बाई रस्त्यावरून चालते, म्हणजे ती वाहतुकीला अडथळा या सदरात मोडते. शेवटी सदाशिवरावांना चौघांनी ट्रकवरून फूटपाथवर उतरवले. ते पाच पावले चालले, दम लागला म्हणून तुरीच्या पोत्यावर बसले, आणि फोटो झाला. टेंभुरडोहला 'पादचारीस्नेही औद्योगिक वसाहत' असे मानपत्र मिळाले. पुंडलिकरावांना 'ना हरकत' मिळाली.

संक्रांत झाली. तूर धो धो आली. फूटपाथवरून पोती अंगणात घसरली, तूर भरडली गेली, डाळीचा डोंगर झाला. आणि सोमवारी डाळ निवडायला एकही बाई आली नाही. मंगळवारीही नाही. न निवडलेली डाळ व्यापारी विकत घेईनात. त्यांच्या मुठीत काळे दाणे दिसत, आणि ते मूठ परत ढिगावर झटकून दुसऱ्या मिलकडे जात. पुंडलिकरावांनी यंत्रे बंद केली. हंगामात मिल बंद पडणे म्हणजे ऐन पंगतीत चूल विझणे. बुधवारी ते गाडी काढून तांड्यावर गेले.

सोनीबाई अंगणात बसून कापूस वेचताना कमरेला बांधायची ओटी शिवत होती.

"येऊन नाही राह्यल्या काहून?" पुंडलिकराव गाडीतूनच म्हणाले. "इकडं माही डाळ सडून राह्यली!"

"वावरात जातो आमी. वावराले फूटपाथ नाई, म्हून तिथं मरायची भीती नाई."

"अवं, एवढा मोठा फूटपाथ बांधला तुमच्यासाठी!"

"पोत्यासाठी बांधला, शेठ. पोते सुखी हायेत. पोत्याले म्हना डाळ निवडा."

बाकीच्या बायका हसल्या. एक तरणी पोर सोनीबाईला म्हणाली, "ए याडी, शेठले पानी तं दे!" पुंडलिकरावांना पाणी नको होते, बायका हव्या होत्या. त्यांनी रोजी वाढवतो म्हटले. सोनीबाईने सुईत दोरा ओवला. त्यांनी रिक्षा लावून देतो म्हटले. तिने गाठ मारली.

"मंग काय पाह्यजे तुले?"

"एक डाव आमच्या संगं पैदल चाला. इथून मिलपर्यंत. तुमी पोचले, तं आमी रोज येतो."

पुंडलिकरावांनी डाळीच्या डोंगराचा विचार केला आणि ते गाडीतून उतरले. सोनीबाई आणि आणखी तिघी सोबत निघाल्या. कितीतरी वर्षांत ते दारापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून दारापर्यंत यापलीकडे चालले नव्हते. तांड्याच्या चढावर त्यांना घाम आला. वसाहतीच्या तोंडाशी आले तेव्हा पायांना आग लागली होती. डावीकडे उभे ट्रक, त्यांच्या मागे त्यांचाच भक्कम फूटपाथ. उजवीकडून कापसाचा ट्रक असा आला की त्याच्या बाहेर आलेल्या गाठोड्याने पुंडलिकरावांची टोपी उडवली. ते सोनीबाईचा पदर धरून ट्रकच्या चाकाला चिकटले.

"सोनीबाई," ते कसेबसे म्हणाले, "हे रोजचं हाय?"

"नाई," ती म्हणाली. "आज गर्दी कमी हाय."

ते पुन्हा चालू लागले, रस्त्याच्या मधोमध, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. तेवढ्यात मागून गाडी आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग गाडीवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. पुंडलिकराव गोंधळून कधी डावीकडे तर कधी उजवीकडे सरकले. गाडी त्यांच्या शेजारी येऊन थबकली, काच खाली आली, आतून थंड हवेचा झोत आला.

"काका, दिसत नाही का? एवढा फूटपाथ बांधून दिला तुम्हाले, तरी मधातूनच चालता! तुम्हा लोकायले कितीही सोयी द्या, अक्कल येनार नाही!"

काच वर गेली आणि गाडी निघून गेली. धुळीत पुंडलिकरावांना गाडी कोणाची ते दिसले नाही. सोनीबाईला दिसले, पण तिने ते कोणाला सांगितले नाही.

तुम्हीच आठवून पाहा. परवा त्या रस्त्याने जाताना तुम्ही घाईत होतात, आणि समोर एक जाडा माणूस चार बायकांबरोबर मधोमध चालत होता.