एडवणवरचा न हलणारा ढग

“वयनी, बोट नका लावू काचेला!” पंढरी मेहेर ओरडले, पण उशीर झाला होता. घोळ मासा कापता कापता तशीच उठून आलेल्या काशीबाईने मच्छीमार सोसायटीच्या टीव्हीवरच्या हवामानाच्या फोटोवर बोट टेकवलंच होतं.

“ह्या फोटोत आपलं एडवण कुठं हाय, त्येवडंच बघत होते,” ती म्हणाली आणि आली तशी गेली.

पंढरी हवामान खात्यात तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेले. आता गावी परतून ते सकाळी वर्तमानपत्रातला नकाशा पाहत, संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्यांच्या शेवटी दाखवतात तो उपग्रहाचा फोटो पाहत आणि सोसायटीच्या फळ्यावर उद्याचा अंदाज लिहीत. खाली सही, पूर्ण नावानिशी. उद्या काय होणार ते सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याखाली सही करणारे फारसे नसतात. म्हणूनच गावातल्या बायका तो फळा वाचल्याशिवाय बोंबील सुकत घालत नसत.

दुसऱ्या संध्याकाळी टीव्हीवरच्या पांढऱ्या साडीतल्या बाईंनी बातम्या संपवल्या. फोटो आला. काळ्याभोर समुद्रावर, एडवणच्या अगदी तोंडाशी, पांढरा गोल ठिपका!

“दादू, पाहिलास?”

“टीव्हीच्या मुंग्या हायत त्या,” टीव्हीची किल्ली सांभाळणारा दादू म्हणाला.

“मुंग्या हलतात. हा ढग आहे.”

वर्तमानपत्राच्या नकाशात काहीच नव्हतं. पण तो नकाशा कालचा आणि हा फोटो आजचा. पंढरींनी बराच विचार करून फळ्यावर लिहिलं, ‘उद्या पाऊस संभवतो. बोंबील उचलावेत.’

ऐन फेब्रुवारीत पाऊस? पण एकीनेही शंका काढली नाही. बांबूच्या वलांड्यांवर टांगलेले अर्धवट सुकलेले बोंबील बायकांनी भराभर उतरवले. ते घरात मावेनात, तेव्हा देवळात गेले. देवळात मावेनात, तेव्हा शाळेच्या एका वर्गात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी डोकं फुटेल असं ऊन पडलं. संध्याकाळी ठिपका तिथेच. पंढरींनी लिहिलं, ‘पाऊस लांबला. बोंबील आतच ठेवावेत.’ तिसऱ्या दिवशी वर्गातली हजेरी नुसत्या वासाने निम्मी झाली.

“भाऊ, मुंग्या हलतात तसे ढग बी हलतात ना?” दादूने नाक धरून विचारलं.

पंढरी पुन्हा फोटोकडे वळले. तीस वर्षांत असा हट्टी ढग त्यांनी पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी काशीबाई स्वतः टीव्हीपुढे येऊन बसली. “उद्या ऊन नाय दाखवलं तर सगळं खतात जाईल, भाऊ. तुमच्या शब्दावर आत घेतलंय.”

बातम्या सुरू झाल्या. आज बाईंची साडी काळी होती, आणि एडवणवरचा ढग त्यांच्या खांद्यावर बसला होता.

काशीबाई उठली, नखाने काच खरवडली आणि हात पुढे केला. “घोळीचं खवलं,” ती हळूच म्हणाली. “माझ्याच बोटाचं.”

पंढरींनी खडू उचलला. ‘ढग नव्हता, खवलं होतं. चूक माझी. पंढरी मेहेर.’

“खवल्याचं कशाला लिवता? गाव हसंल!” दादू म्हणाला.

“हसू दे. खरं ते लिहायला नको?” पंढरींनी खडू दादूच्या हातात ठेवला. “हा घे. आजपासून अंदाज बंद.”

सकाळी ते मान खाली घालून सोसायटीवरून निघाले, तर फळ्यापुढे ही गर्दी! पन्नास बायका, पन्नास टोपल्या. आणि वलांड्या रिकाम्या.

“अहो, पसरा की! आभाळ स्वच्छ दिसतंय ना?”

“दिसतं,” काशीबाई म्हणाली. “पण तुमी लिवलं नाय.” तिने दादूकडून आणलेला खडू पुढे केला. मग दुसरा हातही उलटसुलट करून दाखवला. “हात धुऊन आलेय. लिवा, मंग आमी पसरतो.”

पंढरींना क्षणभर फळा नीट दिसेना. त्यांनी डोळे पुसले, सोसायटीत शिरून वर्तमानपत्र पाहिलं, आणखी काहीतरी केलं आणि बाहेर येऊन लिहिलं, ‘आकाश निरभ्र. पाऊस नाही.’ खाली सही.

टोपल्या हलल्या. तेवढ्यात पंढरींना राहवेना. सहीखाली त्यांनी एक ओळ वाढवली, आणि पुढे ती त्यांच्या प्रत्येक अंदाजाखाली राहिली: ‘काच पुसून पाहिली आहे.’